बंडखोर कोणाला म्हणायचं? वऱ्हाडातली तीन आयुष्यं

(जुने शहर, अकोला इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, इथे जागा आहे. आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द ओळखीचा आहे, निवडणूक आली की रोज पेपरात दिसतो : बंडखोर.

आपल्याकडे बंडखोर जन्माला कधी येतो? तिकीट कापलं गेलं त्या दिवशी. अपक्ष अर्ज भरला की बंडखोरी झाली. मग मुंबईहून फोन येतो, काहीतरी कबूल होतं, अर्ज माघारी जातो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, बंडोबांचे थंडोबा झाले. आठ दिवसांचं बंड. त्याच माणसाला तिकीट मिळालं असतं तर पक्षात सगळं आलबेल होतं.

दुसरा बंडखोर आपल्याला साहित्यात भेटतो. कवी वारला की श्रद्धांजलीत 'बंडखोर कवी'. कादंबरी आली की मलपृष्ठावर 'बंडखोर लेखन'. इथे शब्दाचा हार झाला आहे, कोणाच्याही गळ्यात घालता येतो. समीक्षेत आम्ही हा शब्द इतक्या वेळा वाचला आहे की आता तो वाचून लेखकाबद्दल काहीच कळत नाही. शिव्या लिहिल्या की बंडखोर, छंद मोडला की बंडखोर, दाढी वाढवली की अर्धा बंडखोर.

शब्दाचा इतिहास बघितला तर गंमत दिसते. १८५७ साली जे झालं त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या 'सत्तावनचं बंड' म्हणत. सावरकरांनी १९०९ साली त्याला 'स्वातंत्र्यसमर' हे नाव दिलं. नाव बदलावं लागलं, कारण 'बंड' हा आरोप होता. राजाशी बेइमानी, असा त्याचा अर्थ होता. आज तोच आरोप सन्मान झाला आहे. म्हणून आधी हे ठरवू, की कोणाला बंडखोर म्हणायचं असेल तर आपण काय तपासायचं.

आम्ही दोन प्रश्न घेऊन आलो आहोत. पहिला : बंड कोणासमोर केलं? लांबच्या शत्रूसमोर, की ज्यांच्या पंगतीला आपण जेवतो त्यांच्यासमोर? इंग्रजाला शिव्या देणं आज सोपं आहे, दिल्लीला शिव्या देणं त्याहून सोपं आहे. आपल्या भावकीत, आपल्या जातीच्या बैठकीत, आपल्या चळवळीत उभं राहून 'हे चूक आहे' म्हणणं अवघड. दुसरा प्रश्न : त्या बंडाची किंमत कोणी मोजली? करणाऱ्याने, की त्याच्या मागे घरात राहिलेल्यांनी?

हे दोन प्रश्न आपण आपल्याच वऱ्हाडातल्या तीन माणसांना विचारू. एक बुलढाण्याची, दोन अमरावती जिल्ह्यातली. तिघांबद्दल आम्हाला आदर आहे. आदर आहे म्हणूनच विचारायचं. ज्याला काही विचारता येत नाही त्याचा फक्त फोटो लावता येतो.

पहिल्या ताराबाई शिंदे. जन्म साधारण १८५० चा, गाव बुलढाणा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजाशी जोडलेले. त्यांनी मुलीला घरी शिकवलं. घराणं मराठा, बायकांनी उंबऱ्याबाहेर मोकळेपणी जायचं नाही अशी रीत. आपण अशा घरात कोंडलेल्या आहोत हे ताराबाईंनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे.

१८८१ साली सुरतेत एक खटला झाला. विजयालक्ष्मी नावाची ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, आणि जन्मलेलं मूल मारल्याचा आरोप तिच्यावर आला. फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली. पेपरांमध्ये मोठी चर्चा झाली आणि त्या निमित्ताने तमाम बायकांच्या चालचलणुकीवर लेख पडू लागले. ते वाचून बुलढाण्यातली ही बाई लिहायला बसली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं गेलं, 'स्त्रीपुरुषतुलना'. किंमत नऊ आणे.

पुस्तकाचं पूर्ण नाव लांब आहे. बायका आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हे दाखवण्यासाठी हा निबंध लिहिला आहे, असं त्या नावातच म्हटलं आहे. आज 'साहसी' म्हणजे शाबासकी, शौर्य पुरस्कार देतो आपण. तेव्हा बाईला साहसी म्हणणं म्हणजे तिच्यावर आरोप होता : मागचा पुढचा विचार न करता भलतं करून बसणारी. ताराबाईंनी तो शब्द उचलला आणि सरळ विचारलं, मग भलतं जास्त कोण करतं ते मोजू या. बाईवर जे जे दोष लावले जातात त्यांची यादी घ्या, आणि एकेक दोष पुरुषांत आहे की नाही ते बघा. कपट बायकांत असतं म्हणता? लाचलुचपत कोण खातं, खोटे कागद कोण करतं? बायको मेली की महिन्याभरात दुसरी करायला मोकळा कोण, आणि नवरा मेला की अंधाऱ्या खोलीत जाणारी कोण?

याला त्यांनी 'तुलना' म्हटलं आहे, आणि आमच्या मते बंड त्या शब्दातच आहे. दया मागणं वेगळं. त्या काळच्या सुधारकांचं बरंच लेखन दयेचं आहे : बिचाऱ्या विधवा, बिचाऱ्या बालिका. दयेत वरचा वरच राहतो. तुलनेत दोघांना एका तराजूत बसावं लागतं, आणि जो आजवर तराजू धरून उभा होता त्यालाही पारड्यात उतरावं लागतं.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. ताराबाई समीक्षक होत्या. त्या पुस्तकात त्यांनी त्या काळच्या लोकप्रिय मराठी वाङ्मयाची झडती घेतली आहे : बायकांच्या लबाडीच्या गोष्टी सांगणारं 'स्त्रीचरित्र', हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. मराठी कादंबरी नुकती रांगत होती, आणि बुलढाण्यात बसलेली एक बाई विचारत होती की या गोष्टींमधल्या बायका तुम्ही कुठे पाहिल्या? लिहिणारे सगळे पुरुष, मग बाईचं मन यांना कळलं कसं? मराठी समीक्षेच्या इतिहासात हे पान ठळक असायला हवं. आपण 'स्त्रीवादी विचार' अशी चिठ्ठी लावून ते वेगळ्या कपाटात ठेवलं, आणि समीक्षेचा इतिहास तिच्याशिवाय शिकवत राहिलो.

आता ही तपासणी आपण आपल्या गल्लीतल्या एका गोष्टीला लावून बघू. राजराजेश्वराचं मंदिर आपल्या जुने शहरातलंच. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात, तुम्ही-आम्ही सगळे रस्त्यावर असतो. त्या मंदिराची आख्यायिका तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. अकोलसिंग नावाचा राजा, ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. त्याची राणी मध्यरात्री महादेवाच्या दर्शनाला जायची. राजाच्या मनात संशय आला. एका रात्री तो तलवार उपसून तिच्या मागे गेला. राणीने देवाचा धावा केला, पिंड दुभंगली, राणी आत गेली. तिच्या वस्त्राचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

गोष्ट देवाच्या कृपेची आहे, आणि श्रद्धेला आम्ही हात लावत नाही. गोष्टीची बांधणी मात्र बघा. संशय राजाचा, तलवार राजाची. निर्दोष ठरायला नाहीसं व्हावं लागलं राणीला. राजाचं पुढे काय झालं ते आपण विचारत नाही. ताराबाईंच्या रीतीने वाचलं तर पहिला प्रश्न हा निघतो : राणी मध्यरात्री कुठे जाते हे राजाने पाहिलं, राजा मध्यरात्री कुठे जातो हे कोणी पाहिलं? आणि दुसरा : सीता भूमीत, राणी पिंडीत, प्रत्येक वेळी बाईचं खरेपण सिद्ध व्हायला तिला जमिनीखालीच का जावं लागतं?

बाहेरच्या जगातही तेव्हा असंच काहीतरी घुसळत होतं. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' १८७९ चं. त्यातली नोरा शेवटी घराचं दार ओढून निघून जाते, आणि युरोपभर खळबळ उडते. आपली राणी दगडात गेली, नोरा घराबाहेर गेली. ताराबाई कुठेच गेल्या नाहीत. त्या बुलढाण्यात, त्याच घरात, त्याच भावकीत राहिल्या आणि तिथे बसून लिहिलं. आमच्या दृष्टीने हे जास्त कठीण आहे. सकाळी पुस्तक लिहायचं आणि दुपारी त्याच माणसांना वाढायचं.

मग पहिला प्रश्न : बंड कोणासमोर? आपल्याच लोकांसमोर. त्या सनातन्यांवर तर तुटून पडल्याच, पण नुसत्या सभा भरवणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबाची टोपी, साहेबाचे बूट लगेच उचलता, मग बायकांच्या बाबतीतच तुमचा धर्म का आडवा येतो, हा त्यांचा सवाल. ब्राह्मण पुरुष, मराठा पुरुष, शिकलेला, अडाणी, सगळे एका रांगेत. सत्यशोधकांच्या वर्तुळातल्या काही पुरुषांनाही हे झोंबलं. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे खरं. पण त्यांना उभं राहावं लागलं यातच सगळं आलं.

दुसरा प्रश्न : किंमत कोणी मोजली? त्यांनीच. त्या पुस्तकानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. एवढी धारदार मराठी लिहिणारी बाई पुढे गप्प झाली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा संपादित करून छापलं. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. आपल्या आज्यांनी, पणज्यांनी ते वाचलंच नाही. म्हणजे किंमत एकट्या ताराबाईंनी मोजली असंही नाही, त्या त्र्याण्णव वर्षांतल्या प्रत्येक बाईने थोडी थोडी मोजली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आम्हीही हारच घातला असं होईल. 'स्त्रीपुरुषतुलना' हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बंडाचं पुस्तक नाही. त्यात इंग्रजी राज्याचे आणि राणी व्हिक्टोरियाचे गोडवे आहेत. त्यात पातिव्रत्य मोडीत काढलेलं नाही. ताराबाईंचं म्हणणं साधारण असं की नवरा देव असेल तर त्याने देवासारखं वागून दाखवावं. आजच्या वाचकाला हे अर्धंमुर्धं वाटतं. आम्हाला वाटतं, खरं बंड असंच दिसतं. माणूस ज्या मातीत वाढला तिची सगळी मुळं एका झटक्यात उपटली जात नाहीत. तो एका जागी 'नाही' म्हणतो आणि दहा जागी जुनंच बोलत राहतो. सगळीकडे एकदम 'नाही' म्हणणारा भेटला तर जरा थांबून बघावं, तो बोलतोय की बोलून दाखवतोय.

आता दुसरं आयुष्य. नाव घेतलं की आपोआप हात जोडले जातात : गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६, शेणगाव, अमरावती जिल्हा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले, आई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. डेबूजी मामाच्या शेतात राबला. मामाची जमीन सावकाराने कागदावर घातली तेव्हा हा गडी आडवा उभा राहिला.

सावकाराशी भांडला ते मोठंच आहे. पण आमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच्या एका प्रसंगात आहे. लेकीचं बारसं होतं. जातीच्या रीतीप्रमाणे बोकड कापायचा, दारू पाजायची. डेबूजीने गोडाचं जेवण केलं. जातवाले चिडले. आज ऐकायला साधं वाटतं, बारशाला गोड जेवण, त्यात काय? पण विचार करा. सावकार परका होता, त्याच्याशी भांडलं तर गाव पाठ थोपटतं. इथे पंगतीला बसलेले सगळे आपले. त्यांच्यात उठणं-बसणं, लेकीबाळींच्या सोयरिकी त्यांच्यात, मयताला खांदा त्यांचाच. त्यांच्या पंगतीत 'ही रीत मी पाळणार नाही' म्हणायचं, आणि रीत का चूक आहे तर बापाला तिनेच खाल्लं म्हणून.

१९०५ साली ते घरातून निघाले. अंगावर चिंध्या, हातात मातीचं गाडगं, दुसऱ्या हातात खराटा. पुढची पन्नास वर्षं तुम्हाला माहीत आहेत. गावात शिरायचं, गाव झाडायचं, रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, मंदिर एकही बांधलं नाही. पंढरपूरला महार यात्रेकरूंना कोणी थारा देत नव्हतं, तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांनी स्वतःला कोणाचा गुरू म्हणवून घेतलं नाही. पाया पडायला वाकणाऱ्यांवर ते काठी उगारत. भक्तांचीच भक्ती नाकारणं, हेही आपल्याच माणसांसमोरचं बंड. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा देह पडला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

आता दुसरा प्रश्न, आणि तो विचारताना आमचाही आवाज जरा खाली येतो. किंमत कोणी मोजली?

बाबांनी मोजलीच. आयुष्यभर उघड्यावर झोपले, फुटक्या गाडग्यात भाकर खाल्ली. पण ते निघाले तेव्हा घरात आई होती, बायको कुंताबाई होती, लेकरं होती. लेकरं कुंताबाईंनी वाढवली. मुलगा गोविंद पुढे कुत्रं चावून गेला, बाबा तेव्हा लांब कोकणात कीर्तनात होते. संस्थांच्या पैशाला घरच्यांचा हात लागू द्यायचा नाही हा बाबांचा नियम, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. आजच्या ट्रस्टवाल्यांनी तो नियम भिंतीवर लिहून ठेवावा. पण त्याच नियमाची दुसरी बाजू कुंताबाईंच्या चुलीशी दिसते. लाखोंच्या धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको झोपडीत राहिली.

कोणी म्हणेल, संतांना असं मोजायचं काहून? बुद्ध गेले, तुकोबा गेले, सगळेच गेले. बरोबर. म्हणूनच मोजायचं. ताराबाईंची तुलना इथे लावून बघा. १९०५ साली कुंताबाई अंगावर चिंध्या घालून, लेकरं डेबूजीजवळ टाकून, गावं झाडायला निघाल्या असत्या तर दापुऱ्याने त्यांना संत म्हटलं असतं का? काय म्हटलं असतं ते इथे बोलायला नको, सगळ्यांना माहीत आहे. घर सोडून जाता येणं, ही पुरुषाला मिळालेली सोय होती. ती सोय बाबांनी स्वतःसाठी वापरली नाही, समाजासाठी वापरली. त्यांचं मोठेपण त्यात आहे. पण सोय होती, आणि तिचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडला. बाबांचं चरित्र सांगताना कुंताबाईंवर अर्धं पान येतं, त्यागमूर्ती म्हणून. आमचं म्हणणं एवढंच की ते अर्धं पान पुरेसं नाही. बाबांच्या बंडात त्यांचा वाटा होता, आणि तो कोणी त्यांना विचारून घेतला नव्हता.

तिसरं आयुष्य वेगळ्या वळणाचं आहे. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८, पापळ, अमरावती जिल्हा. एडिंबरा, ऑक्सफर्ड, बॅरिस्टर, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध. पुढे दिल्लीत कृषिमंत्री. तुम्ही म्हणाल, मंत्री आणि बंडखोर? सूटबूटवाला माणूस, फाईलवर सह्या करणारा. आपल्या अकोल्यात तर कृषी विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे, बंड कुठे आहे यात?

१९२७ साल बघा. १३ आणि १४ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. विषय, अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा. महाडला मनुस्मृती जळायला अजून महिना-दीड महिना होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरल्या भावाच्या मृत्यूची बातमी आली, तरी काम थांबलं नाही. या अंबादेवीच्या लढ्यात पंजाबराव अस्पृश्यांच्या बाजूने होते. अंबादेवी आपल्या वऱ्हाडाची कुलदेवी. मराठा देशमुखाचा विलायतेहून आलेला मुलगा, सगळं गणगोत त्या देवीच्या ओटीला जाणारं, आणि हा म्हणतो दार उघडा. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, मुंबईच्या सोनार घरातल्या विमलाबाई वैद्य यांच्याशी. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

नंतर प्रांताचे मंत्री झाले. १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्या काळातला. कुणब्याचं कर्ज तोडून मिटवण्याचा कायदा. गाडगेबाबांनी सावकाराला शेतात अडवलं, पंजाबरावांनी कागदावर अडवलं. कागदावरचं बंड कंटाळवाणं असतं, त्यावर सिनेमा निघत नाही. पण त्या वेळच्या किती घरांचं शेत त्या कागदाने वाचलं असेल! आणि सावकारी करणारे, मोठी जमीन धरणारे पंजाबरावांच्या जातीत आणि गोतात नव्हते असं थोडंच होतं?

इथे किंमतीचा हिशेब आणखी वेगळा लागतो. विमलाबाई घरात मागे राहिल्या नाहीत. छात्रालयाच्या कामात त्या होत्या, सार्वजनिक कामात होत्या, पुढे राज्यसभेवर गेल्या. म्हणजे बंडाचा खर्च दोघांत वाटला गेला आणि मानही दोघांत थोडाफार वाटला गेला. थोडाफार म्हणतो, कारण नावं कोणाची लागली ती पाट्यांवर बघा.

तिघांना एका रांगेत ठेवलं की काय दिसतं? बंडाला आवाज लागतोच असं नाही. एकीने पुस्तक लिहिलं आणि गप्प झाली, एकाने झाडू मारला, एकाने कायदा केला. तिघांत सारखं एवढंच, की पहिलं 'नाही' त्यांनी आपल्या माणसांना ऐकवलं. आणि तिघांत वेगळं ते म्हणजे किंमतीची वाटणी. समीक्षा करणारे आपण पहिली गोष्ट तेवढी लिहितो, दुसरी सोडून देतो. म्हणून आपल्या बंडखोरांच्या यादीत पुरुष जास्त दिसतात. जो उठून गेला त्याचं नाव लागतं, जिने मागे राहून घर धरलं तिचं लागत नाही, आणि जी घरात बसून बोलली तिचं पुस्तक त्र्याण्णव वर्षं सापडत नाही.

हे सगळं जुनं झालं असं कोणी समजू नये. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षं झाली होती. ठराव हा चांगलाच आहे. पण ठराव गावाने केला तरी हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे जाऊबाई ठरवते, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला पुढे यायचं की नाही हे सासू ठरवते. म्हणजे बंड पुन्हा आपल्याच माणसांत, आपल्याच ओसरीवर.

आणि वऱ्हाडात हा प्रश्न सणावारापुरता नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वाशिम ही नावं वर्षानुवर्षं येत राहिली. भाषणं त्याच्या मरणावर होतात, मोर्चे सरकारवर जातात. जायलाच पाहिजेत. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात काय चालतं? सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं की दिराचं? सानुग्रह मदत कोणाच्या खात्यात? कर्ज मात्र तिच्याच दारात. इथे सरकारशी भांडायला सगळे पुढे, आणि भावकीशी भांडायला कोणी नाही. त्या बाईच्या बाजूने तिच्या सासरच्या बैठकीत जो एक माणूस बोलेल, 'वहिनीचं नाव लावा' एवढं तीन शब्दांचं जो म्हणेल, त्याला आम्ही बंडखोर म्हणू. त्याचं नाव पेपरात येणार नाही. दिवाळीला त्याच्या घरी फराळाचं ताटही कदाचित येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाच्या नावाआधी बंडखोर हा शब्द दिसला, कवीच्या, संताच्या नाहीतर अपक्ष उमेदवाराच्या, तर दोन प्रश्न विचारा. कोणासमोर? आणि कोणाच्या खर्चाने? दोन्हीची उत्तरं मिळाली तर खुशाल म्हणा.

आणि 'स्त्रीपुरुषतुलना' वाचा, मंडळी. छोटं पुस्तक आहे, दोन बैठकांत होतं. भाषा जुनी आहे पण बोलती आहे, मोठ्याने वाचली तर जास्त कळते. घरात चार जण बसून वाचा, आणि वाचायला पुरुषाला बसवा. त्याला ऐकावं लागेल, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावंही लागेल. त्याने मध्येच पुस्तक खाली ठेवलं तर कोणत्या पानावर ठेवलं तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या वेळी आपण त्या पानापासून बोलू.

आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आधी बायकांनी.